दारू सोडवायला माणूस न्यावा कोठे? आणि परत आणल्यावर?



दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. उसाचे बिल बँकेत जमा झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गट कार्यालयाच्या ओट्यावर एक बाई येऊन बसल्या. सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. बिलाचा आकडा विचारायला आल्या असतील असे समजून आमचा स्लिपबॉय वही उघडून बसला. बाईंनी मान हलवली.

"बिल त जमा झाला जी. पन थो पैसा घरी येत नाही. तुमी थांबवून ठेवू शकता का?"

नवरा कारखान्याचा सभासद. शेअर त्याच्या नावावर, सातबारा त्याच्या नावावर, बँकेचे खातेही त्याच्याच नावावर. सभासदाच्या हक्काचा पैसा कारखाना कोणत्या अधिकाराने अडवणार? तसे आम्ही त्यांना सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदा नेला होता जी दारू सोडवाले. घरची गाय विकून नेला होता. आला थ्याच सांजेले पिऊन आला. आता कुठं नेऊ त्याले, थे तरी सांगा."

खताची मात्रा विचारली असती, बेण्याची जात विचारली असती, तोडणीची तारीख विचारली असती तर आम्ही तोंडपाठ सांगितले असते. या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. "चौकशी करतो बाई," एवढेच म्हणालो. ती चौकशी बरीच लांबली. तिच्यातून जे हाती लागले ते आज या पानावर देत आहोत, कारण हा प्रश्न एकाच घरचा नाही हे गट कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आधी आपल्याच घराकडे पाहू

दारूवर लिहायचे आणि कारखान्याचे नाव काढायचे नाही, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे होईल. एक टन ऊस गाळला की सुमारे चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते आणि एक टन मळीतून दोनशे लिटरहून अधिक मद्यार्क तयार होतो. आज साखर धंद्यातील मद्यार्काचा मोठा वाटा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो ही चांगली गोष्ट आहे. पण राज्यात देशी दारूच्या बाटलीत जे भरले जाते त्याचेही मूळ बहुतेक वेळा मळीतच असते, हे शेतकऱ्याने विसरू नये. ऊस पिकवणारा आणि बाटलीपायी शेत गहाण टाकणारा, दोघे एकाच बांधावर बसलेले आहेत.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात त्याला मोहाची जोड आहे. चैत्रात पहाटे पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचणाऱ्या बाया सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीत आजही दिसतात. मोह हे गरिबाचे पीक आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. शिवाय आपला जिल्हा सीमेवरचा. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. इकडचे दुकान बंद झाले तर तिकडचे उघडे असते. आणि खर्रा? सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पन्नीतली पुडी तर आपल्याकडे व्यसनात धरतच नाहीत. पाहुणा आला की चहाच्या आधी खर्रा पुढे येतो. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आज तो विषय बाजूला ठेवतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'कडून देशभर पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ माणसांत एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. म्हणजे बाकीचे सारे देवावर, अंगाऱ्यावर, शपथेवर किंवा बायकोच्या रडण्यावर सोडलेले.

सवय कोणती आणि आजार कोणता?

पिणारा प्रत्येक माणूस रुग्ण नसतो, हे खरे. मग ओळखावे कसे? डॉक्टर लोक ज्या खुणा सांगतात त्या खेड्यातल्या माणसालाही कळतील अशाच आहेत. सकाळी उठल्यावर हात कापतात आणि एक घोट गेला की कापणे थांबते. पूर्वी जेवढ्यात भागत होते तेवढ्यात आता भागत नाही. आज एवढीच घेईन म्हणून बसतो आणि उठतो तेव्हा मोजमाप राहिलेले नसते. धानाची रोवणी खोळंबली, मुलीची सोयरीक मोडली, तरी थांबवता येत नाही. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर तो माणूस 'बिघडला' असे म्हणू नका. तो आजारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा आजार नोंदलेला आहे आणि आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही दारू व इतर मादक द्रव्यांमुळे होणाऱ्या विकारांचा समावेश आहे.

हे एवढे फोड करून सांगण्याचे कारण म्हणजे आपल्याकडे घरचे लोक फार लपवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकानाची उधारी भाऊ फेडतो, सोसायटीत बाप जाऊन सही करतो, तोडणीवर आला नाही तर बायको सांगते, "ताप आला जी." या झाकपाकीने अब्रू वाचत नाही, उलट आजाराची दोन-चार वर्षे वाढतात.

घरच्या घरी कोंडून सोडवू नये

ही गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण यात जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर सहा ते चोवीस तासांत कापरे, घाम, उलटी, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफरे येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीजण बरळू लागतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप बोलावतो आहे असे म्हणतात. गावात याला 'बाहेरचे लागले' समजून देवऋषी आणतात. ते बाहेरचे नसते. मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक काढून घेतल्यामुळे तो पेटलेला असतो. या अवस्थेत योग्य औषध मिळाले नाही तर माणूस दगावू शकतो.

अशा वेळी दवाखान्यात काही दिवस ठेवून कापऱ्यावरची औषधे देत देत ती कमी करत नेतात, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता नुसतीच ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून 'एक सलाईन लावून द्या जी, उतरून जाईल' ही आपल्याकडची मागणी धोक्याची आहे. डॉक्टरला स्पष्ट सांगा की हा माणूस रोज पितो, इतके पितो, शेवटचे अमक्या वेळी प्यायला. लाजू नका.

तसेच बाजारात आणि भिंतींवर जाहिरात दिसते, 'नकळत दारू सोडवा'. भाजीत पूड मिसळायची आणि नवऱ्याला कळू द्यायचे नाही. दारूशी वैर असलेले डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे आणि डॉक्टर ते काही रुग्णांना देतात. पण ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. चोरून दिले तर औषध राहत नाही, विष होते. ओढ कमी करणारी दुसरीही औषधे आज मिळतात, पण ती कोणाला चालतील ते मानसोपचार तज्ज्ञाने ठरवायचे.

गाय विकून नेले ते केंद्र

बाईंनी पहिल्या खेपेची हकिकत सांगितली ती अशी. कोणीतरी मोबाईल नंबर दिला. फोन केला तर रात्री गाडी घेऊन चार माणसे आली आणि झोपलेल्या माणसाला उचलून घेऊन गेली. तीन महिन्यांचे पैसे आधी मोजून घेतले. भेटायला जाऊ दिले नाही. फोनवर बोलायचे तर दोन मिनिटे, आणि शेजारी एक माणूस उभा. डॉक्टर तेथे होता की नव्हता हे बाईंना आजही ठाऊक नाही. तीन महिन्यांनी माणूस परत आला तो अंगावर वळ आणि मनात राग घेऊन. त्याच संध्याकाळी तो थेट दुकानावर गेला. गावाने म्हटले, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.

आमचे मत वेगळे आहे. शेपटाला कशाला बोल लावायचा? नळीच खोटी होती.

मग खरे केंद्र ओळखायचे कसे? पहिली गोष्ट म्हणजे कागद विचारावा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे व्यसनी रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. 'प्रमाणपत्र दाखवा' म्हणण्यात अपमान नाही. आपण बेणे घेतानासुद्धा कोणत्या प्लॉटचे आहे ते विचारतो! मानसोपचार तज्ज्ञ केव्हा येतात, पहिले आठ-दहा दिवस कापऱ्याचा काळ कोण सांभाळतो, रात्री फेफरे आले तर कोणत्या रुग्णालयात हलवतात, हे प्रश्न विचारावेत. उत्तर देताना समोरचा चिडला तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे. साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे. माणसाला त्याच्या मर्जीने दाखल करणे हा नियम. मर्जीशिवाय दाखल करायचे तर तज्ज्ञांनी तपासून, जवळच्या माणसाच्या अर्जावर आणि ठरावीक मुदतीपुरतेच. रात्री गाडीत कोंबून नेणे या कशातच बसत नाही.

'शंभर टक्के खात्री' देणारा दिसला तर पाय मागे घ्यावा. हमखास पावसाची खात्री देणारा आणि हमखास दारूमुक्तीची खात्री देणारा, दोघे सारखेच. पैशाचा हिशेब लेखी घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो आम्हालाही चौकशीच्या शेवटी शेवटी सुचला: 'घरी गेल्यावर पुढे काय?' दर पंधरा दिवसांनी, दर महिन्याला यायला सांगतात का? बायकोला, आई-बापाला बोलावून समजावतात का? ज्या केंद्राला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याने फक्त लागण केली आणि रान वाऱ्यावर सोडले असे समजा. उसाची लागण तर आठवड्यात उरकते. पुढचे बारा-चौदा महिने पाणी, खुरपणी, बांधणी कोण करणार?

पुण्याचे मुक्तांगण आणि शेजारचे गडचिरोली

महाराष्ट्रात या कामाला वळण लावले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. १९८० नंतरच्या काळात शहरांत 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगरचे व्यसन पसरले. पत्रकार-लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. ते लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी पुढे केली आणि १९८६ साली मनोरुग्णालयाच्याच आवारात केंद्र सुरू झाले. सुनंदाबाई १९९७ साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. केंद्र चालू आहे आणि त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात. तेथे रुग्णाला पाच आठवडे ठेवतात. मारणे नाही, कोंडणे नाही. व्यायाम, कामे, गटात बसून बोलणे, आणि त्यासोबत घरच्यांशी बोलणे. स्वतः एकेकाळी व्यसनात बुडालेले आणि बाहेर आलेले लोकच तेथे कार्यकर्ते म्हणून रुग्णाजवळ बसतात. "तुम्हाला काय समजतंय?" असे त्यांना कोणी म्हणू शकत नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या कुंपणापलीकडचे आहे. अर्जुनी-मोरगावहून गाडीत बसले की पुढे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. तेथे लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली जिल्हाबंदी लागू झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा त्यात मोठा वाटा. पण बंदीने दुकान बंद होते. माणसाच्या शरीरातली ओढ बंद होत नाही आणि चोरटी दारूही थांबत नाही. हे ओळखून २०१६ पासून तेथे शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' चालवले. त्यात गावाची संघटना आहे, अंमलबजावणीसाठी पाठपुरावा आहे आणि त्याच्याच बरोबरीने तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावात उपचार शिबिरे आहेत. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी यावर आपल्या सभासदांत दोन तट आहेत. वार्षिक सभेत त्यावरून काय झाले ते सर्वांना आठवत असेलच. आमचे म्हणणे एवढेच की बंदी असो वा नसो, उपचाराची खोली उघडी पाहिजे.

मग नेले कोठे?

बाईंच्या भावाचे मत होते, पुण्यालाच न्यावे. नाव मोठे, काम चोख. आम्हालाही तसेच वाटले होते. पण महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले की पुण्याला पोचेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र जाते. रोज पिणारा माणूस एवढा वेळ बिनदारूचा गाडीत बसवला तर वाटेत भुसावळला फेफरे येईल, त्याचे काय? आणि नंतर दर महिन्याला जाणे-येणे होईल का? दुभती जनावरे कोण सांभाळणार? जवळचे बरे की नावाचे चांगले, हा सवाल प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीप्रमाणे सोडवायचा आहे. ज्याचे पुण्यात पोरगे नोकरीला आहे त्याने जरूर पुण्याला न्यावे. आमचे मत मात्र जवळच्याकडे झुकले, कारण पहिल्या महिन्यापेक्षा पुढचे वर्ष मोठे असते.

आपल्या जिल्ह्यात गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मानसोपचार विभाग आलाच. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढायचा, इतकी ती पहिली पायरी सोपी आहे. 'मनाच्या डॉक्टरकडे' जायला लाज वाटते म्हणून लोक हजारोंनी रुपये भलतीकडे घालवतात. त्यापलीकडे नागपूर आहे: मेडिकल, मेयो, मिहानमधले एम्स, मानकापूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. शिवाय केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती एकात्मिक पुनर्वसन केंद्रे आहेत, तेथे उपचाराचे पैसे पडत नाहीत. आपल्याला जवळचे कोणते हे विचारायला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतीचा क्रमांक आहे. मन खचले, घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागले, तर १४४१६ वर 'टेलि-मानस'ला फोन करावा. २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

त्या माणसाला प्रथम सरकारी दवाखान्यात नऊ दिवस ठेवले. तिसऱ्या रात्री तो फार बरळला. "वाटला, गेला जी आता," बाई म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून पोळी मागितली. तेथून नागपूरकडच्या एका नोंदणीकृत केंद्रात महिनाभर. या वेळी तो गाडीत स्वतः चढला होता. का चढला, हे आम्ही त्याला नंतर विचारले. म्हणाला, "पोरगा दवाखान्यात माझ्या पायाजवळ झोपला होता. रात्री उठून पाहे, बाप हाये का नाही म्हनून."

परत आल्यावरचे वर्ष

खरी कसोटी येथून सुरू होते आणि येथेच घरचे लोक सैल सोडतात. माणूस घरी आला, चेहरा भरला, पूजा घातली, झाले! तसे नसते. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळाले की फुटतो. शेतकऱ्याला खोडवा हवा असतो म्हणून तो पाणी देतो. येथे पाणी देणारे गावात पावलापावलावर भेटतात. "एवढीशी घे ना गा, एका घोटाने काय होते?" म्हणणारा मित्र त्यातलाच.

ओढ कायम टिकत नाही हे ध्यानात ठेवावे. ती लाटेसारखी येते, पंधरा-वीस मिनिटे, फार तर अर्धा तास, आणि ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पोटभर जेवावे, पाणी प्यावे, कोणाला तरी फोन करावा, बैल सोडून तलावावर न्यावेत. उपाशी पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींत ओढ जास्त जोर धरते असे या क्षेत्रातले सर्वच अनुभवी लोक सांगतात. आता आपले तोडणीचे दिवस आठवा. रात्रभर गाडीची वाट पाहायची, जेवणाचा पत्ता नाही, मुकादमाशी भांडण, आणि शेताच्या धुऱ्यावर एकटाच बसलेला माणूस. चारही गोष्टी एका जागी! म्हणून आम्ही शेतकी खात्याला विनंती केली आहे की अशा सभासदाने कळवल्यास त्याच्या तोडणीची पाळी शक्यतो दिवसाची लावावी. खाते म्हणते, पाहू. आम्हीही पाठ सोडणार नाही.

सणांचे गणित वेगळे मांडावे लागते. होळी, पोळा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद, हे तीन दिवस आपल्याकडे पिण्याचेच मानले गेले आहेत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार किंवा नाटक असते, पाहुणे येतात, आणि नाटकाच्या मंडपापेक्षा मंडपामागे गर्दी जास्त असते. पहिल्या वर्षी नाटक पाहायला जाऊच नये का? जावे, पण घरच्या बाया-पोरांसोबत पुढच्या रांगेत बसावे आणि मध्यंतरात उठू नये. पैशाचे तसेच. बिल जमा होण्याच्या दिवशी खिशात रोख ठेवू नये. नवरा-बायकोचे संयुक्त खाते करून दोघांच्या सहीने पैसे काढण्याची सोय बँकेत करता येते. ती नवऱ्याच्या संमतीनेच करावी. जबरदस्तीने केलेली सही महिनाभरही टिकत नाही.

शिवाय एकट्याने लढू नये. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणून एक मंडळी आहे. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांजवळ बसून बोलले आणि त्यातून ती सुरू झाली. वर्गणी नाही, आडनाव विचारत नाहीत, उपदेश नाही. वर्तुळात बसायचे आणि आपले आपण सांगायचे. सगळे आयुष्य राहू द्या, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच ठराव. नागपुरात आणि विदर्भात त्यांचे गट आहेत, मराठीत सभा चालतात. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' वेगळे आहे. बायकोलाही बसायला जागा हवी असते, हे आपण फार उशिरा ओळखतो.

आणि पुन्हा प्यायला तर? बऱ्याच जणांच्या बाबतीत तसे होते. त्या दिवशी घरच्यांनी 'गेले सगळे पैसे पाण्यात' म्हणून कपाळ बडवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर घेऊन दवाखान्यात जावे. एका दिवसाचे पिणे एका दिवसावर थांबवले तर मागची कमाई जात नाही.

आमचा सभासद सात महिने नीट राहिला आणि नारबोदच्या दिवशी प्याला. गावाने लगेच शेपटाची म्हण काढली. बाई मात्र रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. झोपलेल्या माणसाच्या उशाशी त्यांनी केसपेपर ठेवला आणि सकाळी पहिल्या एस.टी.ने दोघे गोंदियाला गेले. डॉक्टरांनी औषध बदलले आणि दर आठवड्याला यायला सांगितले. तेव्हापासून आजवर तो प्यालेला नाही, असे बाई सांगतात; आमच्या स्लिपबॉयचेही म्हणणे तेच आणि त्याची नजर बारीक आहे.

मंडईच्या रात्री तो आम्हाला भेटला. मंडपाच्या पुढच्या रांगेत, सतरंजीवर, मांडीवर पोराचे डोके घेऊन बसला होता. पोरगा झोपला होता. नाटक संपायला पहाट झाली. लोक उठले, कनात सोडायला लागले, तरी तो बसूनच. आम्ही विचारले, "काय जी, घरी नाही जात का?"

"जातो ना जी," तो म्हणाला. "मागचे लोक पांगू द्या. मंग जातो."

यंदाच्या बिलाच्या वेळी दोघे मिळून गट कार्यालयात आले होते. बँकेतून संयुक्त खात्याचा फॉर्म आणला होता, त्यावर कारखान्याच्या नोंदीतील सभासद क्रमांक लिहून हवा होता. तो स्लिपबॉयने लिहून दिला.